सुमली, तू त्यांना काय सांगत होतीस?

सुमली, अकरा वर्षं आपण एकाच जीपमध्ये शेजारी शेजारी बसलो आणि त्यातली बरीच वर्षं मी तुझ्याकडे संशयाने पाहिलं. हे तुला ठाऊक होतं, असाही मला संशय आहे.

तू गेलीस त्याला बारा दिवस झाले. परवा दवाखान्यात तुझी शोकसभा झाली. तुझा फोटो टेबलावर ठेवला होता, ओळखपत्रावरचाच मोठा केलेला. त्यात तू छायाचित्रकारावर रागावल्यासारखी दिसतेस. डॉक्टरसाहेबांनी तुला निष्ठावान आशा कार्यकर्ती म्हटलं, सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मलाही बोलायला सांगितलं. मी दोन बरी वाक्यं बोलले आणि बसले. बाकीचं तिथे बोलण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगायचं आहे.

डोक्यातली शीर फुटली, असं निरोपात होतं. रक्तदाबाच्या गोळ्या मीच तुला देत होते. दर महिन्याला विचारायचे, ‘घेतेस ना?’ आणि तू म्हणायचीस, ‘घेते.’ तुझं ‘घेते’ मी कधी पुरतं खरं मानलं नाही. तुझ्या घरी आले तेव्हा फळीवरचे डबे उघडून गोळ्या शोधाव्यात असं मनात आलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

पहिल्यांदा आपण भेटलो तेव्हा तू मला ‘ए सिस्टर, तू बस’ म्हणालीस. मी शहाद्याकडची, पाटलाच्या घरातली, सरकारी नोकरीतली. मला ते झोंबलं. पुढे पाहिलं तर तू तहसीलदारांनाही ‘तू’च म्हणत होतीस आणि त्यांच्या शिपायालाही. तुमच्या बोलीत तसंच असतं हे मला कळलं, पण कळूनही कित्येक महिने कानाला खटकत राहिलं.

तुमची पावरी बोली मला येत नव्हती. पाड्यावर गेलं की मी मराठीत एक वाक्य बोलायचे, ‘गोवराची लस आहे, बाळाला ताप येईल, घाबरू नका.’ तू ते पावरीत सांगायचीस आणि तुला पाच मिनिटं लागायची. बायका मधेच माझ्याकडे बघायच्या, पदर तोंडाला लावून हसायच्या.

‘काय सांगितलंस?’

‘तेच. तू सांगितलं तेच.’

‘एवढा वेळ?’

‘आमची भाषा लांब आहे.’

मला शिकव म्हटलं तर म्हणायचीस, ‘काय करशील शिकून? मी आहे ना.’ मला वाटायचं, ही मुद्दाम शिकवत नाही. अकरा वर्षांत मी ताप, पोट, दूध, ये, बस, दुखतं का, एवढंच शिकले. त्यात तुझा दोष किती आणि माझा किती, हे मी आजवर नीट पाहिलेलं नाही.

मग ते कोरोनाचं पहिलं वर्ष आलं. सुरुवातीला आमच्या घरी ह्यांच्या फोनवर एका विशिष्ट धर्माच्या लोकांबद्दलचे निरोप यायचे. हीच माणसं रोग पसरवतात, ह्यांच्याकडून भाजी घेऊ नका. आमच्या गल्लीत वीस वर्षं हातगाडी लावणाऱ्या भाजीवाल्याला पोरांनी वेशीवरून परत पाठवलं. मी नर्स. रोग कसा पसरतो हे मला शिकवलेलं होतं. मी एका शब्दाने बोलले नाही. उलट त्याआधीचे दोन दिवस मीही त्याने दिलेली कोथिंबीर मिठाच्या पाण्यात घालून ठेवली.

पुढच्या महिन्यात तुमची पाळी आली. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं नवापूरवरून चालत निघाली. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. तापी ओलांडून ती आमच्या भागात आली तेव्हा गावाने रस्त्यावर ट्रॉली आडवी लावली, वर बाभळीचे फाटे टाकले.

हे जेवता जेवता मला म्हणाले, ‘वरना लोके गुजरातमाईन ई ऱ्हायनात. गावम्हा घुसनात ते आपलं काय?’ वरना लोके म्हणजे डोंगरातले, तुम्ही.

वेशीजवळच्या हातपंपाचा दांडा काढून ठेवला होता, त्यांनी थांबू नये म्हणून. तो दांडा आमच्याच पडवीत, भिंतीला टेकवलेला होता. मी येता-जाता तो पाहत होते. ड्यूटीवर निघताना त्याच्या शेजारूनच चप्पल घालत होते.

त्याच आठवड्यात तू मला पाड्यावर बोलावलंस. तुझा धाकटा भाऊ, दिला नावाचा, आणि त्याची बायको सुरतेकडून परतले होते. ती पाच महिन्यांची गरोदर होती. त्यांना एका गावाने अडवलं, म्हणून ते भर उन्हात नदीच्या पात्रातून वळसा घालून आले होते. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी तिचा गर्भ गेला. मी तिला तपासलं, जे करायचं ते केलं, नोंदवहीत लिहिलं. उन्हाने आणि चालण्यानेच झालं असं कागदावर कुणी सिद्ध करू शकत नाही. मी ते स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

मी हात धूत होते तेव्हा तू त्या गावाचं नाव घेतलंस. नाव घेऊन माझ्याकडे पाहिलंस.

‘असं करायला नको होतं त्यांनी,’ एवढंच मी म्हणाले. ते माझं गाव आहे, हे म्हणाले नाही. तुला माझं सासर फक्त ‘लोणखेड्याच्या पुढे’ एवढंच माहीत असावं, असं मी धरून चालले. तू पाणी ओतत राहिलीस.

दुसऱ्या वर्षी लस आली. आंब्याचे दिवस होते, तुमच्या प्रत्येक अंगणात आमचुरासाठी कापलेल्या कैऱ्या वाळत पडलेल्या. जीपचा आवाज आला की माणसं रानात निघून जायची. अंगणात कैऱ्या, कोंबड्या आणि एखादी ऐकू न येणारी म्हातारी. सुईने माणूस मरतो, सुईने पोरं होत नाहीत, सरकारला डोंगर मोकळे करायचे आहेत, असं सगळं तेव्हा बोललं जात होतं. खाली गावात आम्ही हे एकमेकांना सांगून हसायचो. आमच्या स्वतःच्या गावातही निम्म्या लोकांनी सुई घेतली नव्हती, पण त्याला आम्ही ‘थोडं थांबू’ म्हणायचो. तुमच्या न घेण्याला अडाणीपणा.

त्यात तालुक्यातले एक पुढारी सभेत बोलून गेले की वरचे लोक ऐकत नसतील तर त्यांचं रेशन थांबवा. तसा लेखी आदेश कुठेच नव्हता. पण दवाखान्यात ते वाक्य तोंडोतोंडी फिरलं. मला रोज संध्याकाळी आकडा कळवायचा असायचा आणि रोज मी शून्य कळवत होते.

‘सिस्टर, तुमची आशाच लोकांना फिरवत असेल,’ साहेब म्हणाले. ‘त्यांचे ते सगळे एकच. जरा लक्ष ठेवा.’

नवीन असं त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या मनात ते आधीपासून होतंच. त्यांनी फक्त परवानगी दिली.

त्या सोमवारी तुझ्याच अंगणात तू तीसेक माणसं जमवली होतीस. मी म्हणाले, ‘लस घ्या. नाहीतर रेशन बंद होईल, असं वरून ठरतंय.’ तू माझ्याकडे वळलीस. ‘हे सांगू?’ असं मराठीत विचारलंस.

‘सांग.’

मग तू बोलू लागलीस. दहा मिनिटं तरी. मी एप्रनच्या खिशातल्या फोनवर तुझं बोलणं रेकॉर्ड करत होते. लोक गंभीर झाले, मग एकदम हसले, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीच दंड पुढे केला नाही. लसीचा डबा जसा आणला तसा परत नेला.

‘काय सांगितलंस?’ जीपपाशी मी विचारलं.

‘तेच.’

त्या संध्याकाळी मी साहेबांना फोन केला आणि म्हणाले की सुमली लोकांना लस घेऊ नका म्हणून सांगते असा माझा संशय आहे.

तक्रार मी केली होती, सुमली. दुसरं कुणी नाही. हे वाक्य तुझ्यासमोर म्हणायला मला चार वर्षं मिळाली होती.

बुधवारी तू आपणहून दवाखान्यात आलीस. सकाळी निघून घाट उतरून चालत आली होतीस. साहेबांनी तुला आत बोलावलं, मीही तिथेच होते. ते तुला जे बोलले त्यात ‘तुम्ही लोक’ किती वेळा आलं ते आठवत नाही. पगार सरकारचा आणि काम सरकारच्या विरुद्ध. शिकवून पण तुम्ही लोक तसेच राहता. उद्यापासून येऊ नको. तू भिंतीला पाठ न टेकता उभी होतीस. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी रजिस्टरमध्ये डोकं घालून रकाने भरत होते.

ते संपल्यावर तू बाहेर माझ्या खुर्चीपाशी आलीस आणि पोलक्याची बाही वर केलीस.

‘दे सुई. त्यासाठीच आले होते.’

मी दिली. मग रजिस्टरमध्ये तुझं नाव लिहिलं. तू उठलीस आणि बाहीही खाली न करता निघून गेलीस.

पुढच्या आठवड्यात मला एकटीलाच पाड्यावर पाठवलं. सोबत बोलणारं कुणी नाही, आजही शून्यच, असं धरून मी जीपमधून उतरले. तुझं अंगण भरलेलं होतं. पुढे म्हातारे बसले होते, मागे बाया. तू दारात उंबऱ्याच्या आत उभी होतीस, कामावर नव्हतीस म्हणून बाहेर येत नव्हतीस. सगळे एकामागून एक आले, दंड पुढे केला, गेले. नेलेली सगळी लस संपली.

तेव्हा पहिल्यांदा मला ते रेकॉर्डिंग ऐकावंसं वाटलं. लोणखेड्याला कॉलेजात शिकणारी एक पावरा मुलगी होती, माझ्या भाचीची मैत्रीण. तिला घरी बोलावलं. तिने एकदा ऐकलं, मग पुन्हा लावलं.

‘मॅडम, सगळं सांगू?’

‘सगळं.’

‘सुरुवातीला ती म्हणते, ही बाई खालची आहे. दिलाला ज्या गावाने अडवलं त्याच गावची. हिचा नवरा ट्रॉलीवर उभा होता. हिला वाटतं मला माहीत नाही.’

मी आत जाऊन दार ओढून आले. हे घरात होते.

‘पुढे?’

‘म्हणते, आज कुणी सुई घ्यायची नाही. आज ही रेशनचा धाक घेऊन आली आहे. धाकाला भिऊन घेतली तर पुढे दर वेळी धाकच दाखवतील. सुई वाईट नाही. मी बुधवारी खाली जाऊन घेते. आठ दिवस मला बघा. मेले तर तुम्ही सुटलात. जगले तर सगळ्यांनी यायचं, म्हाताऱ्यांनी आधी.’

‘आणि हसले कशाला?’

‘कुणीतरी म्हणालं, तू मेलीस तर आमची बाळंतपणं कोण करेल? तर ती म्हणाली, ही जाडी करेल. हिच्या हातावर भरवसा ठेवा. तोंडावर ठेवू नका.’

म्हणजे माझा संशय खरा होता. घेऊ नका असं तू सांगितलंच होतंस. आणि माझी तक्रार खोटी होती. ह्या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या ते मला अजून जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. भाषेच्या अडचणीमुळे गैरसमज झाला, असं लिहून दिलं. कुणाचा गैरसमज, हे मोघम ठेवलं. महिन्याभराने तुला परत घेतलं. तू जीपमध्ये येऊन बसलीस आणि म्हणालीस, ‘खालच्या पाड्यात दोन बाळंतिणी आहेत, आधी तिकडे.’ कुणी तक्रार केली, कुणी मिटवली, तू काहीच विचारलं नाहीस. त्या न विचारण्यानेच मी चार वर्षं बेजार झाले. तू गप्प बसलीस की मला वाटायचं हिला माहीत आहे. तू हसलीस की वाटायचं, हिला नक्कीच माहीत आहे.

एक भांडण मात्र आपलं उघड झालं आणि ते अर्धंच राहिलं. लस थांबलेल्या त्या आठ दिवसांत खालच्या पाड्यातला एक म्हातारा तापाने गेला. मी तुला घाटात सुनावलं. म्हटलं, ‘धाकाने घेतली तरी लस ती लसच. तू आठ दिवस थांबवलंस.’

तू म्हणालीस, ‘सोमवारी धाकाने दहा जणांनी घेतली असती. बाकीचे रानात गेले असते ते परत आले नसते. तुला दहाचा आकडा मिळाला असता.’

‘आणि तो म्हातारा?’

तू बाहेर बघत राहिलीस. ‘त्याचं मला लागतं,’ म्हणालीस. ‘तुला दिलाच्या बाळाचं लागतं का?’

ड्रायव्हरने आरशातून आपल्याकडे पाहिलं. मी मांडीवरचा लसीचा डबा नीट केला. सोमवारी सुई घेतली असती तरी त्या म्हाताऱ्याला आठवड्यात तिचा उपयोग झाला नसता, हे मला नर्स म्हणून पक्कं माहीत होतं. तेही मी तुला सांगितलं नाही. तुला ते लागत राहावं असं त्या दिवशी मला वाटलं होतं. आज सांगते. तो तुझ्यामुळे गेला नाही.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे.

तू गेल्याचा निरोप आला त्या दिवशी रविवार होता, जीप बंद. मला ह्यांनी मोटारसायकलवर आणलं. पाड्याच्या खाली पायवाट सुरू होते तिथे ते थांबले. ‘तू जाई ये,’ म्हणाले, ‘मी आठेच ऱ्हास.’ मला वाटलं, त्यांना भीती वाटते आहे. मग वाटलं, लाज वाटत असेल. एकोणतीस वर्षांच्या संसारात हे दोन मला त्यांच्या चेहऱ्यावर वेगळे ओळखता येत नाहीत.

तुझी माती झाल्यावर मी दिलाजवळ गेले. त्याच्या बायकोच्या कडेवर दोन वर्षांची पोर होती, तिच्या सगळ्या लसी मीच टोचल्या आहेत. दिला मला मराठीत म्हणाला, ‘आलीस, बरं केलंस.’

मी ठरवून गेले नव्हते. बोलून गेले. ‘दिला, तुला अडवलं ते माझं गाव. ट्रॉलीवर माझा नवरा होता.’

‘माहीत आहे.’

‘सुमलीने सांगितलं?’

‘तेव्हाच सांगितलं. म्हणाली, बाई चांगली आहे, बोलवत जा. पण तिच्यासमोर सगळं बोलायचं नाही.’

तो हे रागाने बोलत नव्हता. रस्ता कुठून जातो ते सांगावं तसं सांगत होता. मग त्याने उतारावर, मोटारसायकलकडे पाहिलं.

‘तोच का?’

‘हो.’

दिलाच्या बायकोनेही तिकडे पाहिलं, मग पोरीला दुसऱ्या कडेवर घेऊन ती बायांमध्ये निघून गेली. दिला तिच्याकडे बघत होता. ‘त्याला आज वर आणू नको,’ म्हणाला.

मी खाली आले. ह्यांनी विचारलं, ‘काय म्हनना तो?’

‘आज तुमले वर नको आनू म्हने.’

ह्यांनी गाडी चालू करायला किल्ली फिरवली, पुन्हा बंद केली, पुन्हा फिरवली. मग आम्ही निघालो. घाट उतरून सपाटी लागेपर्यंत मी त्यांच्या पाठीमागे बसून तुझाच विचार करत होते. तू असतीस तर दिला माझ्याशी थेट बोललाच नसता. त्याने ते तुला पावरीत सांगितलं असतं. मी विचारलं असतं, काय म्हणतो तो? आणि तू माझ्याकडे बघून, डोळाही न हलवता, म्हणाली असतीस, ‘म्हणतो, ऊन आहे, सांभाळून जा.’